ठोक्यानंतरची आस

माझ्या स्कूटरच्या डिकीत पान्यांबरोबर एक टिपरू कायम पडलेलं असतं. टिपरू म्हणजे ढोल वाजवायची काठी. हे माझं हाताच्या घामाने काळं पडलंय. अंबड लिंक रोडला भंगाराची दुकानं ओळीने होती, तेव्हापासूनची ही सवय. ढिगातला एखादा ब्रेक ड्रम उचलायचा, बोल्टच्या भोकातून सुतळी ओवून अधांतरी धरायचा, टिपराने हलकेच ठोका द्यायचा आणि कान लावून उभं राहायचं. दुकानदार विचारायचा, "काका, घ्यायचंय का नुसतं वाजवायचंय?" मी म्हणायचो, "थांब जरा, अजून संपलं नाही."

ठोका क्षणात होऊन जातो. त्यानंतर ती वस्तू किती वेळ बोलत राहते, याला आपल्याकडे फार चांगला शब्द आहे: आस. तानपुऱ्याची आस, सतारीची आस. तबलजी डग्ग्याची आस म्हणतात. ढोल-ताशाच्या जगात हा शब्द मी कधी ऐकला नाही, आणि माझं सगळं काम नेमकं तिथूनच सुरू झालं. मी सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होतो. आता निवृत्त आहे. स्वतः घडवलेल्या वाद्यांसाठी रचना करतो आणि मुलांबरोबर त्या वाजवतो. लोक विचारतात, आधी वाद्य की आधी रचना? माझ्या बाबतीत आधी आस. ती सापडली की वाद्य कसं असावं ते कळतं, आणि वाद्य हातात आलं की त्यावर काय वाजवायचं नाही ते कळतं.

माझं लहानपण जुन्या नाशकात गेलं. विसर्जनाची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघायची. आम्ही पोरं भद्रकालीच्या अलीकडे एका ओट्यावर जागा धरून बसायचो. मिरवणूक दिसायच्या कितीतरी आधी ढोल ऐकू यायचा. ऐकू येण्यापेक्षा तो छातीत यायचा. गल्लीबोळातून वळणं घेत फक्त खालचा धुम पोचायचा. ताशाची कडकड, झांजांचा खणखणाट वाटेतल्या भिंतींवरच अडायचा. मोठ्या लहरी कोपरे वळून पुढे जातात, बारीक लहरींना ते जमत नाही. हे कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं, पण गल्लीने ते आधीच शिकवलं होतं.

नाशिक ढोल हे नाव आता नाशकापुरतं राहिलेलं नाही. केरळात आणि मंगळूरच्या बाजूला सणावारी, वरातीत, निवडणुकीच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या पथकांना तिथले लोक 'नाशिक ढोल', 'नाशिक बँड' म्हणतात. आपल्या गावाचं नाव मल्याळी माणसाच्या तोंडी एका वाद्यामुळे आहे, याचा मला मनापासून आनंद होतो. वाद्य तसं साधं. आडवं पिंप, दोन्ही तोंडांवर पान म्हणजे कातडं, ते ताणून धरणाऱ्या कड्या आणि दोरी. एका बाजूला टिपराचा ठोका, दुसऱ्या बाजूला हाताची थाप. पिंप लाकडाचं असो, पत्र्याचं असो की फायबरचं, प्रत्येकाचा आवाज निराळा. आणि पान बकऱ्याचं असेल तर त्याची तब्येत हवेवर. भाद्रपदातल्या एका सरीने ते सैल पडतं आणि ढोल गोणीसारखा वाजतो. म्हणूनच तर हलगीवाला हलगी जाळावर शेकत असतो. पुष्कळ पथकांनी आता फायबरचं पान घेतलंय. ते भिजत नाही, फुटत नाही. पण शेवटचा ऊबदार भाग त्याच्यात येत नाही, असं माझं मत आहे.

आमच्या गल्लीजवळ ढोल बांधून देणारे एक गृहस्थ होते. सगळी पोरं त्यांना मामा म्हणायची, मीही म्हणायचो. कारखान्यात लागल्यावर मी पहिला ढोल स्वतः बनवला आणि फुशारकीने त्यांना दाखवायला नेला. दोरीच्या जागी मी बोल्ट लावले होते, बारा, मोजून समान अंतरावर. पान्याने कसून एकसारखा ताण दिला होता. मामांनी कडेकडेने बोटाने टिचक्या मारत एक फेरी घेतली. म्हणाले, "इथे तुझं कातडं पाठीचं आहे, इथे पोटाचं. दोन्हीला सारखा ताण कसा चालेल?" मी ऐकलं नाही. त्याच वर्षी रविवार कारंज्याजवळ, भर मिरवणुकीत, माझं पान पोटाच्या बाजूने टरकन फाटलं. दुसऱ्या दिवशी मामा एवढंच म्हणाले, "पाना लावलास, कान नाही लावलास." आजही बोल्ट फिरवताना मी आधी टिचकी मारून ऐकतो.

ढोलाला आस का नाही, हा प्रश्न मला तेव्हापासून छळत होता. उत्तर अर्धं पुस्तकात सापडलं. गोल ताणलेल्या साध्या कातड्यातून मूळ स्वराबरोबर जे वरचे स्वर निघतात, ते त्याच्या दुप्पट, तिप्पट नसतात. ते १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट अशा आडमुठ्या प्रमाणात असतात. कानाला त्यांची मोट बांधता येत नाही, म्हणून ठोका ऐकू येतो पण स्वर नीट ठरत नाही. तबल्याच्या आणि मृदंगाच्या शाईने हेच बदलतं. मधला भाग जड झाला की वरचे स्वर सरकून दुप्पट, तिप्पट, चौपट अशा जागी येऊन बसतात आणि चामडं गायला लागतं. हे शास्त्राच्या भाषेत पहिल्यांदा मांडलं सी. व्ही. रामन यांनी, शिवकाली कुमार यांच्याबरोबर, १९२० साली 'नेचर'मध्ये. नोबेलच्या दहा वर्षं आधी. १९३४ साली त्यांनी भारतीय तालवाद्यांवर पुन्हा सविस्तर लिहिलं. थराथराने शाई चढवून दगडाने घोटणाऱ्या कारागिराने हे सूत्र न लिहिता किती शतकं सांभाळलं असेल, हा विचार आला की मला त्या कारागिरासमोर हात जोडावेसे वाटतात.

हे वाचून मी मामांकडे गेलो. म्हटलं, "मामा, ढोलाला शाई लावून बघू या." ते हसले नाहीत, विचार करून म्हणाले, "लाव. पण तो मग गाईल. ढोलाचं काम गाण्याचं नाही रे, हाक मारायचं आहे." मी लावून पाहिली. आवाज गोड आला आणि चार घरांच्या पुढे गेला नाही. ती शाई मी ओल्या फडक्याने पुसून काढली. ढोलाला आस नाही हे त्याचं वैगुण्य नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. आस दुसरीकडे शोधायला हवी होती.

ती मला सुरगाण्याच्या बाजूला भेटली. एका मित्राच्या गावी रात्री कथा होती. कोकणा समाजातले एक म्हातारबाबा काशाची थाळी पुढ्यात घेऊन बसले होते. थाळीच्या मध्यावर मेणाचा गोळा, त्यात उभी रोवलेली एक काडी. ती काडी चिमटीत धरून ते वरून खाली ओढत होते, पुन्हा वर, पुन्हा खाली, आणि थाळीतून भुंग्याच्या गुंजनासारखा अखंड सूर निघत होता. त्या सुरावर ते कथा सांगत होते. शेजारच्या डांगात रामकथाही अशीच थाळीवर सांगतात. ठोका नाही, ताण नाही, कातडं नाही. जेवायची थाळी, पोळ्यातलं मेण आणि रानातली काडी. पहाटे मी बाबांना विचारलं, हे वाद्य कोणाकडून बनवून घेता? त्यांना प्रश्नच कळला नाही. कथा संपल्यावर काडी उपटली, मेण खरवडून डबीत ठेवलं, थाळी धुवायला गेली. वाद्य संपलं. मी मोटारसायकलवर नाशकापर्यंत तो सूर डोक्यात घेऊन आलो.

त्यानंतर मी धातूकडे वळलो. टूलरूममध्ये ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे तुकडे पडलेले असायचे, ते रीतसर पैसे भरून मी घरी आणायचो. पहिली पट्टी ४० सेंटिमीटरची. टेबलावर ठेवून वाजवली तर खट्ट. हातात धरली तर खट्ट. मग मी एका जुन्या टर्नरकडून ऐकलेली युक्ती केली. दोन फोमच्या तुकड्यांवर पट्टी ठेवली, तिच्यावर स्वयंपाकघरातलं बारीक मीठ भुरभुरलं आणि रबरी चेंडू लावलेल्या वेताच्या काडीने मधोमध हलके हलके ठोके देत राहिलो. मीठ उड्या मारायला लागलं. मधून पळालं, टोकांवरून पळालं. मिनिटभरात पट्टीवर दोन पांढऱ्या रेघा उरल्या, दोन्ही टोकांपासून साधारण ९ सेंटिमीटर आत. बाकी सगळी पट्टी थरथरते तेव्हा त्या दोन जागा जवळपास स्थिर असतात. म्हणून मीठ तिथे आसऱ्याला येतं. पट्टी कितीही लांब असो, ही जागा टोकापासून लांबीच्या २२.४ टक्क्यांवर येते. तिथे भोकं पाडली, सुतळी ओवली, पट्टी टांगली आणि पुन्हा ठोका दिला. घरात कामात असलेली बायको बाहेर येऊन म्हणाली, "देवळात कोणी घंटा वाजवली का?"

मग सप्तक बसवायला घेतलं आणि चांगलाच फसलो. तार अर्धी केली की वरचा सा मिळतो, हे सतार न वाजवणाऱ्यालाही माहीत असतं. मी पट्टी अर्धी कापली. स्वर निघाला दोन सप्तकं वरचा! पट्टीचा हिशेब वेगळा आहे. तिची कंपनं लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतात, म्हणून अर्ध्या लांबीला चौपट कंपनं. एकच सप्तक हवं असेल तर ४० ची पट्टी २० नव्हे, २८.३ सेंटिमीटरची कापावी लागते. बारीक सारीक फरक कानशीने. खालून मध्यावर घासलं की स्वर उतरतो, टोकाला घासलं की चढतो. जास्त घासलं गेलं तर दुसऱ्या बाजूने घासून परत आणता येतो, ही धातूची माया. लाकूड आणि कातडं इतकं माफ करत नाही. पाण्याच्या पीव्हीसी पाइपचं मात्र पुन्हा वेगळं. त्याच्या तोंडावर चपलेचा तळवा मारला की आत हवेचा खांब बोलतो, आणि तिथे अर्ध्याला दुप्पट हा साधा हिशेब चालतो. आमच्या तालमीत मुलं चपला घालून येतात आणि हातात घेऊन वाजवतात.

असं करणारा मी काही पहिला नाही. अमेरिकेत हॅरी पार्च नावाचा संगीतकार होता (१९०१ ते १९७४). पियानोच्या बारा स्वरांत त्याचं भागेना, म्हणून त्याने सप्तकाचे ४३ भाग केले आणि ते वाजवायला वाद्यंच नव्हती तर आयुष्यभर स्वतः वाद्यं बनवली. प्रयोगशाळेतल्या मोठ्या काचेच्या बरण्या कापून त्याने टांगून वाजवल्या. एडगर वारेझने १९३१ साली 'आयोनिझासियाँ' लिहिलं, तेरा वादकांसाठी, जवळपास सगळी तालवाद्यं आणि वर भोंगेही. जॉन केजने १९३९ साली धातूच्या वाद्यांसाठी रचना केली, त्यात मोटारींचे ब्रेक ड्रम आहेत. हे वाचलं त्या दिवशी मला लिंक रोडवरच्या त्या दुकानदाराची आठवण झाली.

आणि आपला त्रिलोक गुर्टू. १९५१ साली मुंबईत जन्म. आई ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका शोभा गुर्टू, मूळच्या बेळगावच्या. तबल्यावर वाढलेला हा माणूस विलायती ड्रम जमिनीलगत मांडून वाजवतो, आणि त्याच्याजवळ पाण्याची बादली असते. झांज वाजवून तो ती पाण्यात बुडवतो आणि स्वर खाली घसरतो. धातूभोवती पाण्याचं ओझं वाढलं की कंपनं मंदावतात. जलतरंगात पाणी वाढवल्यावर वाटीचा स्वर उतरतो, तेच इथे उलट बाजूने. मी हे पाहिलं आणि घरी येऊन भांडी बाजारातली जुनी पितळी परात पाण्याच्या पिंपात बुडवून पाहिली. तो उतरता आवाज ऐकून अंगावर काटा आला, कारण तो मी आधी पाहिलेला होता. ऐकलेला नव्हे, पाहिलेला.

गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे धावतात. रामकुंडाजवळची ही मूर्ती आमची पुराची मोजपट्टी. पाण्याचे आकडे कोणी विचारत नाही. मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला लागलं का, असं विचारतात. २००८ साली आणि पुन्हा २०१६ साली पाणी कुठवर चढलं ते पाहिलेला माणूस ते विसरणार नाही. चढतं पाणी गर्जना करतं. ओसरतं पाणी काहीच बोलत नाही, फक्त चिखल आणि ओलीची रेघ मागे ठेवतं. मला ते ओसरणं वाजवायचं होतं.

ही रचना मी टूलरूममधल्या सवयीने आलेखाच्या कागदावर लिहिली. पलुस्करांनी आणि भातखंड्यांनी आपल्याला ताल कागदावर उतरवायला शिकवलं. पलुस्करांचा तर नाशकाशी जुना ऋणानुबंध, त्यांचा रामनाम आधार आश्रम इथलाच. पण मात्रेच्या खुणांमध्ये ठोक्याची जागा दाखवता येते, आस दाखवता येत नाही. म्हणून मी प्रत्येक धातूच्या ठोक्यापुढे एक नागमोडी रेघ काढतो, जितक्या चौकटी ती पोचेल तितक्या चौकटी त्याची आस. नियम एकच: ढोलाने त्या रेघेवर पाय द्यायचा नाही. ढोल वाजेल तो रेघ संपल्यावर. सुरुवातीला रेघा आखूड असतात, ढोलांना मोकळं रान असतं, सात मात्रांचा ठेका गुडघा, कंबर, छाती असा चढत जातो, आणि ताशे पावसासारखे लागतात. मग परात पाण्यात उतरते. तिथून रेघा लांबत जातात आणि ढोलांना जागा कमी कमी होत जाते. शेवटच्या पानावर एकच रेघ आहे, मोठ्या पितळी नळीची. ती माझ्या मोजणीत २१ सेकंद चालते.

वाजवायला पथकातली नऊ मुलं-मुली आहेत. ढोल कंबरेला बांधला की या पोरांच्या अंगात वीज येते. त्यांना सात मात्रा शिकवायला एक संध्याकाळ लागली. ते २१ सेकंद उभं राहायला शिकवायला दोन महिने. गंगापूर रोडच्या मोकळ्या जागेत तालीम चालायची. एक मुलगी चिडून म्हणाली, "काका, ढोल अंगावर घेऊन गप्प उभं राहायचं म्हणजे शिक्षा आहे." तिचं चुकत नव्हतं. आम्हीच त्यांना शिकवलं की जास्त ढोल म्हणजे चांगलं पथक. पन्नासचे शंभर, शंभरचे दोनशे. दोनशे ढोल एकदम पडतात तेव्हा रोमांच येतात हे मी नाकारत नाही. पण त्यात कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही, आणि तालमीनंतर रात्रभर कानात शिट्टी वाजते. मी सगळ्यांना कानात बोळे घालायला लावतो. मामांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. साठ वर्षं ढोलाशेजारी बसून ठोके तपासले त्यांनी. त्या काळात बोळे घाला असं त्यांना सांगणारं कोणी नव्हतं.

मागच्या श्रावणात मी त्यांना तालमीला घेऊन आलो. नातवाने रिक्षातून उतरवलं. खुर्ची नळी टांगलेल्या घोडीजवळ ठेवली. मुलांना म्हटलं, आज ढोल खाली ठेवा. मी नळी वाजवतो, सगळ्यांनी डोळे मिटायचे, आवाज संपला असं वाटेल त्याने हात वर करायचा. ठोका दिला. मामा माझ्याकडे बघत होते. मी ओठांनी सांगितलं, "वाजतंय." त्यांनी मान पुढे केली आणि घोडीच्या लाकडी खांबाला कपाळ टेकवलं.

दहाव्या-बाराव्या सेकंदाला पहिला हात वर गेला. मग दोन. रस्त्यावरून एक बस गेली आणि तिच्या आवाजाखाली तीन हात एकदम वर आले. मग आणखी दोन, आणि शेवटी तक्रार करणाऱ्या त्या मुलीचा. मीही कान देऊन होतो. माझ्यासाठीही संपलं, मी हात वर केला.

मामांचे दोन्ही हात मांडीवरच होते. कपाळ खांबाला तसंच. मुलं डोळे उघडून त्यांच्याकडे बघत राहिली, कोणी हललं नाही. मग त्यांचा उजवा हात हळूहळू वर आला.